सहा इंच वाळू

खाऱ्या पाण्याची माशांची टाकी घरात ठेवणाऱ्याला आमच्या गावात लोक तोंडावर विचारतात, "पैसा जास्ती झालाय काय?" मलाही विचारलं. गावाच्या तीन बाजूंना खाडी, मोठ्या भरतीला पाणी थेट स्मशानाच्या कुंपणापर्यंत येतं, आणि हा गडी दुकानातून पिशवीतलं मीठ विकत आणून, फिल्टरच्या पाण्यात कालवून, दिवाणखान्यात समुद्र करतोय. त्यातून आम्ही मिठागरवाले. आजोबांपासून मीठ पिकवत आलेलं घर. आमच्या दारात मीठ विकत आलेलं शेजारच्या म्हातारीनं पाहिलं तेव्हा ती पोट धरून हसली होती, आणि दोन दिवसांत ती गोष्ट अख्ख्या आळीला माहीत झाली.

मी ट्रकवाला. बंदरातून कंटेनर उचलायचे, गोदामात टाकायचे, मधूनमधून थळहून खताची पोती भरायची, असा माझा धंदा. धंद्यात डोकं थंड ठेवावं लागतं असं म्हणतात, पण मला ते कधी जमलं नाही. नाकावर राग घेऊनच मी जन्माला आलो. ड्रायव्हर मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. बेलापूरला एका एजंटच्या ऑफिसात मी पहिल्यांदा तसली टाकी पाहिली. निळा उजेड, केशरी पट्ट्यांचे मासे, आणि तो एजंट फोनवर भांडत असतानाही अधूनमधून तिच्याकडे बघून शांत होत होता. मला वाटलं, आपल्यालाही हे हवं. मासे हवे होते की शांतता, ते आता सांगता येत नाही.

पहिली टाकी चार महिन्यांत मेली. तिच्यात मी बोटभर वाळू घातली होती आणि दर रविवारी नळीनं ती खरवडून धूत होतो. जितकं धुवावं तितकं पाणी बिघडायचं. मग मी मोबाइलवर वाचायला बसलो. मराठी शाळेत दहावीला दोनदा बसलेला माणूस मी, पण त्या विषयावर जगात जे कोणी काही लिहिलंय ते मी शब्दकोश घेऊन वाचलं. तिथे मला जाड थराची रीत सापडली आणि दुसरी टाकी मी तशी लावली.

रीत सोपी आहे. साखरेसारखी बारीक वाळू घ्यायची आणि तिचा चांगला सहा इंचांचा थर तळाला द्यायचा. वरच्या इंचभरात किडे, गोगलगायी, काटकुळ्या हातांचे तारामासे राहतात आणि ते वाळू हलती ठेवतात. त्याखाली हवा पोचत नाही. हवा नाही म्हणून तिथे वेगळ्याच जातीचे जिवाणू वस्ती करतात. माशांच्या घाणीतून पाण्यात जे विष साठतं ते हे खालचे जिवाणू खातात आणि त्याचे साधे बुडबुडे करून सोडून देतात. म्हणजे वाळू स्वतःच टाकी साफ करते. आपण फक्त उडालेलं पाणी भरायचं आणि हात आवरायचा. कारण अगदी तळाशी वाळू काळी पडते, त्या काळ्यात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू कोंडून असतो. कोणी तो थर ढवळला, तर वायू पाण्यात मिसळतो, पाण्यातली हवा संपते आणि सगळं संपतं. थर बसायला वर्ष लागतं, उठायला पाच मिनिटं पुरतात.

हे सगळं मी किती जणांना सांगितलंय त्याला गणती नाही. विमावाल्याला सांगितलं. टायरवाल्याला सांगितलं. जावयाला सांगितलं, तो जांभया देत होता तरी सांगितलं. माझा शहाणपणा पाजळायला ती टाकी म्हणजे आयती जागाच होती. आणि हे चालू असताना कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर माझे बाबा बसलेले असायचे.

बाबा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. जन्मभर मिठागरावर राबलेला माणूस. मिठाच्या उन्हानं डोळे कायम बारीक केलेले, पायांचे तळवे फुटून चामड्यासारखे झालेले, आणि गुडघे गेलेले. आगर गेल्यावर त्यांना काही कामच उरलं नव्हतं. जिथे आमचे मिठाचे वाफे होते तिथे भराव पडून कंटेनरचं यार्ड झालं होतं, मागच्या दारातून त्याची पत्र्याची भिंत दिसायची. बाबा सकाळी उठायचे, अंघोळ करायचे आणि जेवणाची वाट बघायचे. मी जाता-येता त्यांना बघायचो आणि मला त्यांचाच राग यायचा. माणसानं इतकं रिकामं कसं बसावं, असं वाटायचं. त्यांना रिकामं कोणी केलं हा प्रश्न मला पडत नव्हता.

टाकी आली तेव्हा ते म्हणाले, "खारा पानी घरान कनाला आनतस रं? जनम गेला त्यान आमचा." आणि हसले. मी हसलो नाही.

पण पाणी कालवायची वेळ आली तेव्हा गंमत झाली. खारेपणा मोजायला मी काट्याचं एक प्लास्टिकचं यंत्र आणलं होतं. काटा बरोबर जागेवर आला, मी खूश झालो. बाबा खुर्चीतून उठले, ड्रममध्ये दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली, जिभेला लावली आणि म्हणाले, "पानी हलका हाय. दोन मुठी मीठ अजून लागंल."

मी म्हटलं, यंत्र बरोबर दाखवतंय.

"तुजा यंत्र येडा हाय."

नंतर पाहिलं तर काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला होता. तो झटकला आणि काटा घसरला. दोन मुठी मीठ घातल्यावर काटा नेमका जागेवर आला. त्या दिवसापासून पाणी कालवलं की मी ओरडायचो, "बाबा, बग जरा," आणि ते गुडघ्यावर हात टेकत उठायचे. आमच्यात बापाला अहो-जाहो करायची रीत नाही, आम्ही अरे-तुरेच करतो. त्यात प्रेमही असतं आणि अपमानही, ते बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरतं.

हळूहळू टाकीचं रोजचं काम त्यांच्याकडे गेलं. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी भरावं लागतं. बायकोच्या एका टिकलीची काचेवर खूण केली होती. पाणी तिच्या खाली गेलं की बाबा तांब्यानं धार सोडायचे, इतकी बारीक की वाळूचा कण हलायचा नाही. एकदा मला म्हणाले, "आगरान पानी उडावा म्हनून देवाला नारल देवाचो. आता उडाला का भरताव. बग कसा हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना मजा वाटत होती.

टाकीत एक लहान भुरका मासा होता, वाळूत बीळ करून राहणारा. दिवसभर तोंडात वाळू भरायची आणि दाराबाहेर आणून टाकायची हा त्याचा उद्योग. दुकानदारानं त्याचं मोठं इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या असतात, बाबांना तो तसाच वाटला. ते त्याला निवटीच म्हणायचे. बायको सांगायची, मी घरात नसलो की ते त्याच्याशी बोलतात. काय बोलतात विचारलं तर म्हणाली, "आगरातल्या गोष्टी सांगतात. कोणी कुठल्या बांधावर काय केलं ते." मला हसू आलं होतं. आता आठवलं की लाज वाटते, कारण त्या गोष्टी ऐकायला घरात मी होतो, आणि सांगायला त्यांना मासा लागला.

वर्षभरानं काचेच्या तळाशी काळी रेघ दिसायला लागली. माझ्या दृष्टीनं ती आनंदाची गोष्ट, थर बसल्याची खूण. बाबांना ती पहिल्या दिवसापासून टोचत होती.

"तल काला पडत चाललाय," ते म्हणाले.

"पडू दे."

दोन दिवसांनी परत. "यो काला बरा नाय. वास मारंल."

मी तेव्हा फोनवर होतो, खोपोलीच्या घाटात गाडी बंद पडलेली. फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "तुला नाय कलनार त्यातला. वालूला हात लावू नको, बस."

असं एकदाच झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. चार-पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, प्रत्येक वेळी मी तेच म्हणालो, तुला नाही कळणार. विमावाल्याला कळेल असं मला वाटत होतं.

दिवाळीनंतर मेव्हण्यानं नागावला पर्यटकांसाठी घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. आम्ही शुक्रवारी निघालो. बाबा गुडघ्यांमुळे मागे राहिले, शेजारची म्हातारी त्यांना जेवण देणार होती. निघताना मी माशांचं खाणं दोन पुड्यांत बांधून दिलं, पाणी भरायचं सांगितलं आणि वर म्हणालो, "रविवारी पावनं आमच्यासंगती येतील टाकी बगायला. नीट ठेव." एवढंच म्हणालो. नीट ठेव. आजही हे दोन शब्द मला विसरता येत नाहीत, कारण बाबांनी माझा शब्द पाळला.

नागावला दोन दिवस मी मेव्हण्याच्या पाहुण्यांना सहा इंच वाळूची कीर्तनं ऐकवली. नारळाच्या वाडीत खुर्च्या टाकून बसलो होतो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता कधी एकदा बघतोय असं झालंय." रविवारी सकाळी मेव्हणा, त्याची बायको आणि तिचे आईवडील, असे दोन गाड्या करून आम्ही निघालो आणि दुपारी बाराच्या सुमाराला घरी पोचलो.

दारातच वास आला. सडक्या अंड्याचा. चप्पल न काढता मी आत गेलो. टाकीतलं पाणी पातळ ताकासारखं झालं होतं. आत काहीच हलत नव्हतं. केशरी मासे, जोडीनं राहणारे, दोन्ही टाकीबाहेर एका ताटलीत ठेवलेले. बाजूला तारामासे, गोगलगायी. आणि तळाची वाळू स्वच्छ पांढरी, एका पातळीत, हातानं चोपून चोपून बसवलेली. तळहाताचे ठसे दिसत होते. एका नजरेत कळत होतं की हे काम जाणत्या माणसाचं आहे.

बाबा जमिनीवर बसले होते. त्यांच्यापुढे निळी बादली होती आणि हातात मग. मला बघून ते म्हणाले, "आलास? मना सांगाचा…"

मी सांगू दिलं नाही. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. मागे चार पाहुणे उभे होते हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे माझा आवाज कमी व्हायच्या ऐवजी चढला. शेवटी म्हणालो ते मात्र लिहिलं पाहिजे. "आगर गेला ता बराच झाला. तुज्या हातान कवा काय टिकलाय?"

बाबांनी हातातला मग खाली ठेवला. "बादलीन…" एवढंच ते म्हणाले.

मी बादलीला लाथ मारली.

पाणी फरशीवर पसरलं आणि त्या पाण्यात निवटी तडफडायला लागली. जिवंत. मला क्षणभर कळलंच नाही की हे काय आहे. जो माणूस गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या चढत नव्हता तो माणूस दोन्ही गुडघ्यांवर रांगत पुढे गेला आणि त्यानं तो मासा ओंजळीत घेतला. इकडेतिकडे बघितलं. घरात त्या माशाला जगवेल असं पाणी कुठेच नव्हतं. टाकीतलं विषारी, नळाचं गोडं, आणि बादलीतलं फरशीवर. बायकोनं धावत जाऊन मिठाची पिशवी शोधली, पण पाणी कालवून होईपर्यंत वेळ गेला. बाबांच्या ओंजळीतच तो तडफडायचा थांबला.

मेव्हण्याच्या सासूबाई देवभोळ्या बाई, त्या हात जोडून उभ्या होत्या. चहासुद्धा न घेता पाहुणे निघून गेले.

काय घडलं होतं ते मला बायकोकडून कळलं, कारण बाबांनी ते तिला सांगितलं, मला नाही. शनिवारी सकाळी खाणं घालताना काळ्या रेघेतून एक बुडबुडा वर आला आणि वास आला. तो वास ते ओळखत होते. मिठागरात पावसाळा संपला की वाफ्यांच्या तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तो काढायचा, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, हातानं चोपून सारखा करायचा, मगच खारं पाणी आत घ्यायचं. गाळ राहिला तर मीठ काळं येतं आणि वाफा वर्षभर नासतो. वास मारायला लागला की थांबायचं नसतं, त्याच दिवशी गाळ काढायचा असतो. हे त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षापासून केलं होतं. त्यांच्या मनानं घेतलं की पाहुणे यायच्या आत टाकीचा तळ केला पाहिजे. त्यांनी उलथन्यानं काळी वाळू काढली, अंगणात नळाखाली धुतली, गोणपाटावर उन्हात वाळवली, परत घातली आणि हातानं चोपून बसवली. अर्ध्या दिवसाचं काम, त्या गुडघ्यांनी.

दुपारी मासे पाण्याच्या वर तोंड काढायला लागले तेव्हा त्यांना कळलं की काहीतरी चुकलं. त्यांना फोन लावता येत नव्हता. शेजारची म्हातारी आली, तिलाही येत नव्हता. मग त्यांनी पिशवीतलं मीठ घेतलं, फिल्टरचं पाणी घेतलं आणि जिभेच्या चवीवर बादलीभर पाणी कालवलं. मासे एकेक करून त्यात सोडले. बाकीचे गेले, निवटी राहिली. पाण्यात हवा हवी हे त्यांना माझ्या बडबडीतून कळलं असावं, म्हणून ते रात्रभर मगानं पाणी उचलून वरून धार सोडत बसले. म्हातारी जेवण घेऊन आली तर डाव्या हातानं जेवले, उजवा हात थांबवला नाही. आम्ही दारात आलो तेव्हाही ते तेच करत होते.

सगळं सांगून झाल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही आधी बादलीत बघायचं होतं." ती माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली.

आणि आगराचं मी जे बोललो ते तर धडधडीत खोटं होतं. भरावासाठी जमिनी घेतल्या तेव्हा गावात सगळ्यांत शेवटपर्यंत सही न करणारे आमचे बाबाच होते. त्यांच्या हातात आगर टिकलं होतं. मला गाड्या घ्यायच्या होत्या. मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो, जेवायचा थांबलो, आणि एक दिवस त्यांना गाडीत घालून ऑफिसात नेलं. पेन मी धरायला दिलं. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि तरी चार माणसांत मी ते वाक्य उलटं करून त्यांच्या तोंडावर फेकलं. ते उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन-तीन महिन्यांनी मी टाकी परत लावली. तीच रीत, नवी वाळू. पाणी कालवलं आणि सवयीनं ओरडलो, "बाबा, बग जरा."

मागच्या दारातून आवाज आला, "यंत्र हाय ना तुजा."

त्यांनी खुर्ची मागच्या दारात नेली होती. दिवाणखान्यात ते येईनासे झाले. जेवायला यायचे ते स्वयंपाकघराच्या बाजूनं फिरून. पाणी भरायचं काम मी करायला लागलो. मी धार सोडली की वाळूला खड्डा पडायचा. माफी मागायचं रोज ठरवायचो. सकाळी ठरवायचो, संध्याकाळी गाडी कुठेतरी अडकलेली असायची. ड्रायव्हर लोकांना शिव्या द्यायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत, आणि बापाशी बोलायला दोन शब्द मिळत नव्हते. एकदा नवी लुंगी आणली. त्यांनी नेसली. माझं मन मला म्हणालं, झालं, मिटलं. मन आपल्याला हवं ते बोलतं.

वर्ष गेलं. नव्या टाकीच्या तळाला काळी रेघ आली. एका दुपारी मी टाकीसमोर बसलो होतो, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि बाबा काठी टेकत आले. कशाला आले ते मला माहीत नाही. ते टाकीजवळ उभे राहिले, वाकले आणि त्या काळ्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेजवळ हात नेला.

माझा हात पुढे गेला. मी ठरवून केलं नाही. ट्रकपुढे कोणी आलं की ब्रेकवर पाय जातो तसा माझा हात त्यांच्या आणि काचेच्या मध्ये गेला. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा हात मागे घेतला.

तेव्हा कुठे मला तोंड फुटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. वरचा थर, खालचा थर, हवा न लागणारे जिवाणू, विष, बुडबुडे, काळं का पडतं, ढवळलं तर काय होतं. आमच्या बोलीत सांगितलं, एकही इंग्रजी शब्द न घालता, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते आमच्या बोलीत सांगता येतं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आगरान पन असाच व्हता."

मी विचारलं, "कसा?"

"वरचा काला गाल काराचा," ते म्हणाले. "त्याचे खाली तल असतंय. तल चोपाचा, पन त्यान बोट घालाचा नाय. बसाला वर्सा लागतान. येक भोक परला का वाफा आपलाच पानी पितंय. तुज्या आजोबान मना पयल्या दिवशी सांगलेला. मी आयुष्यान कवा तल फोरला नाय." मग म्हणाले, "तू बोलला असतास का यो गाल नाय, यो तल हाय, त मी हात लावला नसता."

यो गाल नाय, यो तल हाय. गाळ काढायचा, तळ राखायचा. शब्दकोश घेऊन मी जे वर्षभर वाचलं ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि हेच वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांना माझ्याहून जास्त कळलं असतं. मी म्हणालो, "बाबा, माजा चुकला." त्या एका वाक्यात मला बादलीचंही म्हणायचं होतं आणि आगराचंही. त्यांनी ते वाळूपुरतंच घेतलं की सगळ्याचं घेतलं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

"मना वाटला," ते टाकीकडे बघत म्हणाले, "तू मना येडा समजतस."

"नाय रं बाबा," मी म्हणालो. पण मी समजत होतो. खुर्चीवर बसलेला एक म्हातारा, ज्याला काही कळणार नाही, असंच मी त्यांना कित्येक वर्षं समजत होतो, आणि माझं 'नाय' किती उशिरा आलं ते दोघांनाही ऐकू आलं.

त्यानंतर ते परत दिवाणखान्यात यायला लागले. रोज दुपारी टाकीसमोर येऊन उभे राहायचे, मासे बघायचे, माझं पाणी बरोबर आहे की नाही ते विचारायचे. पण उभे राहताना काठी भिंतीला टेकवून ठेवायचे आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घ्यायचे. गुडघ्यांना ते सोसायचं नाही, एकदा तोल जाता जाता राहिला. बायको म्हणाली, हाताला आधार घ्या ना. तर म्हणाले, "नको. त्याला भ्या वाटतंय." आपल्या स्वतःच्या घरात, माझ्यासाठी, ते शेवटपर्यंत तसेच हात बांधून उभे राहिले.